शनिवार-रविवारचे मावळे

शनिवारी पहाटे पुण्याहून निघालेली वाहने खेड-शिवापूरचा टोलनाका मागे टाकून नसरापूरच्या चेलाडी फाट्यावर उजवीकडे वळू लागतात, तेव्हा खोऱ्यांत अद्याप धुके असते. फाट्यावरच्या टपऱ्या मात्र त्याआधीच उघडलेल्या असतात. कोणी गुंजवण्याला राजगडाच्या पायथ्याशी जाणार असतो, कोणी तोरण्यासाठी वेल्ह्याला, तर कोणी त्याही पुढे केळदपर्यंत, मढे घाटाचा धबधबा पाहायला. जे भोरच्या रस्त्याने सरळ जातात त्यांना रायरेश्वराच्या शिड्या, रोहिडा, भाटघरचा जलाशय किंवा वरंध घाट यांची ओढ असते. पाठीवर फुगीर पिशवी, पायांत डोंगरासाठी मुद्दाम घेतलेले बूट, खिशात छायाचित्रे टिपणारा फोन. वय पंचविशीच्या आसपास, नोकरी हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्टा येथील काचेच्या इमारतींत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत हा ओघ इतका वाढतो की मार्गासनीपासून पुढे वाहने मुंगीच्या गतीने सरकतात आणि भातलावणीला निघालेल्या बायकांना डोक्यावरील आवणाच्या मुठी सावरीत रस्त्याच्या कडेने वाट काढावी लागते.

या तरुणाविषयी दोन सोपी मते प्रचलित आहेत. पहिले मत मागच्या पिढीचे. तिच्या लेखी हा सारा चैनीचा प्रकार आहे. हातात पैसा खुळखुळतो म्हणून सुचलेले हे छंद आहेत, आज गिर्यारोहण, उद्या सायकल, परवा पक्षिनिरीक्षण, आणि या साऱ्याचे खरे प्रयोजन चार लोकांना छायाचित्रे दाखविणे हेच. दुसरे मत जाहिरातदारांचे व पर्यटन खात्याचे. त्यांना हा तरुण म्हणजे ग्रामीण भागाच्या विकासाचा अग्रदूत वाटतो. तो जेवढा हिंडेल तेवढी गावे समृद्ध होतील, असे त्यांचे साधे गणित आहे. पहिल्या मतात असूया आहे आणि दुसऱ्यात व्यापार. हा तरुण शुक्रवारी रात्री शहरातून जिवाच्या आकांताने बाहेर का पडतो, आणि ज्यांच्या अंगणात तो येऊन उतरतो ती माणसे कोण आहेत, हे दोन प्रश्न दोन्ही पक्षांना पडत नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या सोमवार ते शुक्रवारात आहे. घरापासून कचेरीपर्यंतच्या वाहतुकीच्या कोंडीत त्याचे रोज दोन-तीन तास जातात. काम करून घेणारा ग्राहक अमेरिकेत किंवा युरोपात असल्याने त्याचा दिवस घड्याळाप्रमाणे संपत नाही. रात्रीच्या जेवणानंतर खरी बैठक सुरू होते. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करण्याची सोय झाली आणि उंबऱ्याबाहेर थांबणारी कचेरी घरात येऊन बसली. पगार चांगला आहे, हे खरे. पण त्यातील मोठा वाटा घराच्या हप्त्यात जातो, आणि हप्ता वीस वर्षांचा असताना नोकरीची शाश्वती वीस महिन्यांचीही नसते. २०२५ च्या जुलैत देशातील सर्वांत मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा या काचेच्या इमारतींमधून पसरलेले भय गिरणगावाने १९८२ नंतर अनुभवलेल्या भयाच्या जातीचेच होते. फरक एवढाच की गिरणी कामगाराला आपण कामगार आहोत हे ठाऊक होते. या तरुणाला नेमणुकीच्या पत्रातच 'व्यवस्थापक' किंवा 'सल्लागार' अशी बिरुदे चिकटविली जातात. त्यामुळे त्याला संघटनेची लाज वाटते. आणि दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या राज्य कायद्यातून व्यवस्थापकीय व पर्यवेक्षकीय माणसे वगळलेली असल्याने, अनेकदा त्या बिरुदाबरोबरच त्याचे कायद्याचे कवचही गळून पडते.

२०२४ साली पुण्यातील एका बड्या लेखा-सल्ला कंपनीत नुकतीच नोकरीस लागलेली एक तरुणी मृत्यू पावली. कामाच्या ओझ्याविषयी तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. त्यानंतर कामगार खात्याने त्या कचेरीची तपासणी केली, तेव्हा या कायद्याखालील नोंदणीच तेथे नसल्याचे आढळले. चहाच्या दुकानदाराकडून नोंदणीचा कागद मागणारे शासन त्या चकचकीत दारावरून इतकी वर्षे मुकाट्याने पुढे जात होते. असे असताना एक नामवंत उद्योगपती २०२३ साली तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश करतात, तर २०२५ च्या आरंभी दुसरे एक कंपनीप्रमुख ९० तासांपर्यंत जाऊन रविवारी घरी बसून करणार काय, असे विचारतात.

रविवारी करायचे काय, या प्रश्नाला महाराष्ट्रात एक इतिहास आहे. रविवारची सुटी पंचांगातून आलेली नाही आणि मालकांच्या दयेतूनही नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८८४ पासून संघटित केले, त्या वेळी मागण्यांच्या यादीत आठवड्यातून एक दिवस विश्रांती ही अग्रक्रमाची मागणी होती. १८९० च्या एप्रिलमध्ये भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. आज राजगडाच्या पद्मावती माचीवर तंबू ठोकून निवांत पडलेला अभियंता ज्या दिवसाचा उपभोग घेत आहे तो दिवस परळच्या चाळींत मिळविलेला आहे. त्याला हे कोणी सांगितलेले नाही, आणि तो दोष त्याचा नाही.

ही मिळकत आता उलट्या दिशेने सरकू लागली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर, तर कारखान्यांतील १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे एकूण तास तेवढेच राहतील आणि जादा कामाचा मोबदला मिळेल, असा युक्तिवाद केला गेला. ज्या कचेऱ्यांत नऊ तासांची मर्यादाही पाळली जात नाही तेथे दहाची कोण पाळणार, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

समाजवाद्यांनीही येथे आपल्या एका खोडीची कबुली दिली पाहिजे. श्रमाची प्रतिष्ठा सांगता सांगता विश्रांतीची प्रतिष्ठा सांगायची राहून गेली. कार्यकर्त्याने सुटी घेणे हे जवळजवळ पाप मानले गेले. वास्तविक चळवळीची परंपरा इतकी रूक्ष नाही. मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग यांनी १८८० साली आळसाच्या हक्कावर पुस्तिकाच लिहिली होती. फ्रान्समध्ये १९३६ साली लेआँ ब्लुम यांचे आघाडी सरकार आले, तेव्हा संपाच्या लाटेतून त्याने कामगारांना ४० तासांचा आठवडा व दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्रीडा व फावल्या वेळेसाठी लेओ लाग्रांज या तरुण समाजवाद्याकडे स्वतंत्र खाते सोपविले. सवलतीच्या रेल्वे तिकिटांची सोय झाली, युवक-वसतिगृहांना उत्तेजन मिळाले, आणि त्या उन्हाळ्यात असंख्य कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांतही डोंगर चढणे हा शिक्षणाचाच भाग होता. तेव्हा राजगडाच्या चोरदरवाजाची चढण धापा टाकीत चढणाऱ्या मुलामुलींकडे नाक मुरडून पाहण्याचे कारण नाही. विशेषतः लातूर, बुलढाणा किंवा नंदुरबारहून येऊन पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलीला, कोणाची परवानगी न घेता मैत्रिणींबरोबर डोंगरावर काढलेली रात्र ही जन्मातील पहिली मोकळीक असते. तिची किंमत छायाचित्रांच्या संख्येवरून करणे क्षुद्रपणाचे होईल.

आता दुसरा प्रश्न. ज्या खोऱ्यांत हा तरुण उतरतो ती हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे, मोसे खोरे ही नावे इतिहासाच्या पुस्तकांत मोठ्या मानाने घेतली जातात. शिवाजी महाराजांनी सुमारे पाव शतक राजगडावरून कारभार केला, तो याच खोऱ्यांतील शेतकऱ्यांच्या बळावर. २०२५ च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले त्यांत राजगड आहे, आणि त्याच वर्षी वेल्हे तालुक्याचे नावही राजगड झाले. नाव बदलल्याचा आनंद मोठा होता. पण २०११ च्या जनगणनेत ९४ लाखांच्या पुणे जिल्ह्यात या तालुक्यात पंचावन्न हजार माणसेही नव्हती. येथे उद्योग नाही. भोरजवळ उत्रौलीच्या औद्योगिक वसाहतीची नुसती चर्चाच कितीएक निवडणुकांना पुरली. भाताची खाचरे, उतारावर नाचणी-वरई, आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर यांवर या खोऱ्यांच्या पिढ्या जगल्या. येथला तरणा माणूस आधी मुंबईच्या गोदीत, गिरणीत, बाजारपेठेत गेला. आता तो पुण्याला जातो.

या खोऱ्यांनी आणखी एक गोष्ट दिली, ती पाणी. वेळवंडीवरचे भाटघर धरण १९२८ साली पूर्ण झाले, तेव्हा भोर संस्थान होते. धरणाला मुंबईच्या गव्हर्नरचे नाव मिळाले आणि पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांतील उसाला. पुढे नीरा-देवघर झाले. पानशेत आणि वरसगाव या धरणांनी पुण्याची तहान भागविली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, ती तारीख पुणेकर कधी विसरत नाहीत. पेठांतून पाणी कोठवर चढले होते त्याच्या खुणा आजही दाखविल्या जातात. मात्र त्या धरणाच्या पोटात ज्यांची गावे गेली आणि ज्यांना उठून दौंडच्या माळावर जावे लागले, त्यांच्या खुणा दाखविणारा कोणी नाही. हिंजवडीच्या इमारतीतील तरुणाला याची कल्पना नसते, पण ज्या जलाशयाच्या काठावर तो तंबूत राहून चांदणे पाहतो तेथे खाली कोणाचे तरी शेत आणि कोणाच्या तरी देवाचे देऊळ आहे. काठावरच्या वाड्या मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहतात. 'धरण उशाला अन् कोरड घशाला' ही म्हण अशा वाड्यांसाठीच झाली असावी.

मग पर्यटनाने यांना काय मिळते? काहीच मिळत नाही असे म्हणणे असत्य होईल. गुंजवण्यात, वेल्ह्यात, केळदला घराघरांतून पिठलं-भाकरी, ठेचा आणि ताक विकले जाते; अंगणात गाड्या लावू देण्याचे पैसे मिळतात; गावातली काही मुले वाटाडे झाली आहेत. तथापि हिशेब कसा आहे तो पाहावा. फोनवरून माणशी रक्कम गोळा करून पन्नास जणांची बस आणणारा आयोजक पुण्यात बसलेला असतो. नोंदणी त्याची, नाव त्याचे, नफा त्याचा. पहाटे तीनला उठून चूल पेटविणाऱ्या बाईच्या वाट्याला ताटामागे ठरलेले पैसे येतात, आणि पुढच्या वाडीत कोणी दहा रुपयांनी स्वस्त देत असेल तर तेही येत नाहीत. गडावर पाण्याची हंडी आणि ताकाची बरणी डोक्यावर घेऊन चढणारी बाई ज्या वाटेने अनवाणी जाते, तीच वाट 'कठीण' या शेऱ्यासह आयोजकाच्या पत्रकात छापलेली असते. रविवारी संध्याकाळी प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा जो खच उरतो तो आयोजकाचा नसतो, गावाचा असतो. अलीकडे तर भातलावणीचाच खेळ झाला आहे. पैसे भरून पाहुणे खाचरात उतरतात, गुडघाभर चिखलात तासभर आवण लावतात, छायाचित्रे काढतात आणि गरम पाण्याने आंघोळ करून जेवायला बसतात. तसा त्यात अपराध काही नाही. पण त्या पाहुण्यांत पुष्कळांचे वडील स्वतः शेतकरी असतात, आणि गावाकडे सोयाबीनचा भाव पडल्याने हवालदिल झालेल्या त्या वडिलांच्या शेतात मुलगा वर्षानुवर्षे पाऊल टाकीत नाही. परक्याच्या शेतात त्याला निसर्ग दिसतो, आपल्या शेतात कर्ज दिसते. हे त्याच्या संवेदनशून्यतेमुळे घडते असे मानण्याचे कारण नाही. शेतीतून पोट भरत नाही हे त्याला बापाच्या घरीच शिकविले गेले आहे.

खरा धोका यापुढे आहे. चार पावसाळे डोंगर हिंडल्यावर या तरुणाला वाटू लागते की येथेच आपला एक तुकडा असावा. रस्त्याच्या दुतर्फा त्यासाठी फलक तयारच असतात: जलाशयाचे दर्शन, डोंगराची कुशी, सुलभ हप्ते, इतके गुंठे. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वये बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडता येत नाहीत. म्हणून कोठून तरी शेतकरी असल्याचा दाखला पैदा होतो, एका सातबाऱ्यावर दहा अनोळखी माणसे सामाईक मालक म्हणून चढतात, साठेखतावर व्यवहार उरकतो. दलाल गावचाच असतो, हे आणखी एक दुःख. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कुळे जमिनीची मालक झाली. 'कसेल त्याची जमीन' ही समाजवाद्यांची घोषणा कायद्यात उतरली, त्याला अजून पाऊणशे वर्षेही झालेली नाहीत; आणि ज्या कुळाच्या आजोबाने सावकाराच्या दारात उभे राहून ती जमीन आपल्या नावावर केली, त्याचा नातू ती गुंठ्यांनी विकून मोटार घेतो. मोटार पाच वर्षांत जुनी होते. मग त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या बंगल्याचा तो राखणदार म्हणून राहतो आणि त्याची बायको शनिवारी येणाऱ्या मालकांच्या खोल्या झाडते. वरसगावच्या जलाशयाकाठी मुळशी आणि वेल्हे तालुक्यांच्या हद्दीत उभारल्या गेलेल्या लवासाचा अनुभव जुना झालेला नाही. राज्य सरकारच्या १९९६ च्या गिरिस्थान धोरणाच्या आधारे डोंगर खोदले गेले, २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविले, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. लवासा निदान डोळ्यांत भरण्याएवढी मोठी होती. तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले, खटले झाले. गुंठ्यागुंठ्याने होणाऱ्या लवासेविरुद्ध मोर्चा कोणाच्या दारावर न्यायचा?

ही सारी देवघेव पाहताना एक दृश्य नजरेआड करता येत नाही. पुण्यात ज्या वसाहतीच्या फाटकातून हा तरुण शुक्रवारी रात्री गाडी बाहेर काढतो, त्या फाटकाची फळी वर करणारा पहारेकरी पुष्कळदा भोर-वेल्ह्याचाच असतो. तो बारा तासांच्या पाळीवर असतो. सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्राने १९८१ साली स्वतंत्र कायदा केला, मंडळे स्थापन केली. पण खासगी ठेकेदारांकडे राबणाऱ्या असंख्य रक्षकांपर्यंत त्या कायद्याचा हात पोचत नाही, आणि आठवड्याची सुटी घेतली तर त्या दिवसाचा पगार जातो. म्हणजे एकाला त्याच्या गावी जाऊन डोंगर पाहता यावा म्हणून दुसरा आपल्या गावी न जाता फाटकाशी उभा असतो. तरुणाला जेवण आणून देणारा पोऱ्याही त्याच खोऱ्यांतला असण्याचा संभव असतो. त्याच्या बाबतीत तर आपण कामगार आहोत की 'भागीदार' हेच कंपनी ठरू देत नाही. लोखंड्यांचा रविवार या दोघांपर्यंत अजून यायचा आहे.

म्हणूनच या तरुणापुढे मांडण्याजोगी गोष्ट ही की त्याची आणि पहारेकऱ्याची तक्रार एकच आहे, तासांची. तासांच्या प्रश्नावर पुण्यातील माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटना बोलू लागल्या आहेत. त्यांनी आपल्या मागणीपत्रात कचेरीच्या दारावरील रक्षकाची, उपाहारगृहातील पोऱ्याची आणि सफाईच्या बाईची साप्ताहिक सुटी घातली, तर त्या संघटनेचे वजन वाढेल. वसाहतीच्या गृहसंस्थांत हेच तरुण आता सभासद आहेत. ठेकेदाराशी होणाऱ्या करारात आठ तासांच्या तीन पाळ्या घालणे हे त्यांच्या एका सभेतील ठरावाने होऊ शकते. दरमहा देखभालीचा खर्च थोडा वाढेल. डोंगरासाठी घेतलेल्या बुटांच्या किमतीशी तो ताडून पाहावा.

गावांच्या बाजूनेही काम आहे, आणि ते पर्यटन खात्यावर सोडण्यासारखे नाही. वाहनतळ, वाटाडे, मुक्काम आणि जेवण यांचे दर ग्रामसभेने ठरवावेत. बाहेरच्या आयोजकाने गावाच्या सहकारी संस्थेमार्फतच माणसे आणावीत. कचरा उचलण्याचा आकार त्याच्याकडून आगाऊ घ्यावा. स्वयंपाक करणाऱ्या बायकांची संस्था असेल तर ताटाचा दर त्या ठरवतील, एकीला दुसरीविरुद्ध झुंजविता येणार नाही. हमाल पंचायतीची 'कष्टाची भाकर' पुण्यात १९७४ पासून चालत आली आहे. गुंजवण्याला ती चालणार नाही असे मानण्याचे कारण काय? एस. टी. महामंडळाने स्वारगेटहून शनिवारी पहाटे वेल्हे, गुंजवणे, केळद व रायरेश्वराच्या पायथ्यापर्यंत जादा गाड्या सोडल्या, तर लावणीच्या दिवसांत रस्ता मोकळा राहील. आणि ज्या मुलाकडे मोटार नाही, ज्याचा बाप बिगारी आहे, त्यालाही तोरणा पाहता येईल. आज गड हे मोटारवाल्यांचे होऊ लागले आहेत. जमिनीच्या बाबतीत मात्र दर ठरवून भागणार नाही. खोट्या दाखल्यांवर झालेली खरेदीखते तपासण्याची मागणी भोर आणि वेल्ह्याच्या तहसील कचेऱ्यांवर गावांनीच न्यावी लागेल, आणि त्या मोर्चात डोंगरावर प्रेम करणारी ही शहरी मुले सामील झाली, तर त्यांच्या प्रेमाची परीक्षाही होऊन जाईल.

रविवारी संध्याकाळी चेलाडी फाट्यावर पुण्याकडे परतणाऱ्या वाहनांची रांग लागते. आत दमलेली, उन्हाने रापलेली, चिखलाने माखलेली मुले झोपी गेलेली असतात. काहींचे फोन पुन्हा वाजू लागलेले असतात, कारण अमेरिकेत तेव्हा सकाळ झालेली असते. त्याच रांगेत वेल्ह्याहून स्वारगेटला निघालेली एस. टी. उभी असते. तिच्यात जागा नसते. दाराशी लोखंडी दांडा धरून उभा असलेला, पिशवीत घडी घातलेला गणवेश आणि बायकोने बांधून दिलेल्या भाकरी असलेला एक माणूस पुनःपुन्हा घड्याळ पाहतो. त्याची पाळी आठ वाजता सुरू व्हायची असते.